लहान गावचे लहान कॉलेज

जून महिना लागला की आमच्याकडे येणाऱ्या टपालाचा रंग पालटतो. एरवी पत्रे येतात ती लग्नाच्या जमवाजमवीची, लोणच्याच्या प्रमाणाची, नाहीतर ‘गेल्या अंकात अमुक तिथी चुकली’ अशा प्रेमळ कानउघाडणीची. जूनमध्ये मात्र निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच असतो. मुलगा किंवा मुलगी बारावी झाली, आता पुढे काय? ह्या खेपेस आलेल्या अशा पत्रांपैकी एक आम्ही चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. ते सौंसर तालुक्यातील एका भगिनीचे आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही.

घरी संत्र्याची बाग आहे. मुलगी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली आहे आणि तिला इतिहास, साहित्य व अर्थशास्त्र हे तिन्ही एकत्र शिकावयाचे आहेत. पुण्याकडे असे शिक्षण देणारी एक मोठी खाजगी संस्था आहे असे तिने कोठूनसे शोधून काढले. वर्षाची फी काही लाखांत आहे हे कळल्यावर घरातला तो विषय तेथेच मिटला. यजमानांचे म्हणणे असे की, आंबिया बहाराचा पैसा हाती येईल तो दिवाळीच्या आगेमागे, आणि बी.ए.च करावयाचे तर त्यासाठी घर सोडण्याचे कारण काय? प्रायव्हेटचा फॉर्म भरावा, घरी बसून अभ्यास करावा. पत्राच्या शेवटी त्या माउलीने लिहिले आहे, ‘हे म्हणतात डिग्री तीच. तुम्ही सांगा, डिग्री तीच असते का?’

प्रश्न चार शब्दांचा आहे. त्याचे उत्तर आम्हांला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे आणि तितकीच वर्षे आम्ही ते देण्याचे टाळीत आलो आहो. ते का, हे पुढे येईलच.

आपल्या भागात ‘प्रायव्हेट’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोहोंची आपसांत ओळखही नाही. ‘प्रायव्हेट कॉलेज’ म्हणजे ज्याची फी ऐकून बापाचा हात कपाळाकडे जातो ते, आणि ‘प्रायव्हेट बी.ए.’ म्हणजे कॉलेजची पायरी न चढता केवळ परीक्षेला बसून मिळविलेली पदवी. मध्य प्रदेशाच्या सरकारी भाषेत अशा विद्यार्थ्यास ‘स्वाध्यायी’ असे भारदस्त नाव आहे. ह्या सोयीची निंदा करावी असे आमच्या मनात नाही. आपल्या समाजातील कित्येक शिक्षिका, पोस्टात नि बँकेत लागलेल्या कित्येक भगिनी ह्याच वाटेने पदवीधर झाल्या. स्वयंपाकघरातील ओट्यावर पुस्तक उभे करून त्यांनी अभ्यास केला. ती सोय नसती तर त्यांच्या हाती काहीच आले नसते. परंतु जे नाइलाजाने पत्करावयाचे ते सोयीचे म्हणून पत्करणे, ह्यात अंतर आहे.

मुलीने शोधून काढलेल्या जातीच्या संस्था आपल्या देशात गेल्या वीस वर्षांतील आहेत. पुण्याजवळ लवळ्यास ‘फ्लेम’ आहे. तिचा प्रारंभ २००७ चा आणि विद्यापीठाचा दर्जा २०१५ चा. पुण्यातच सिम्बायोसिसचे लिबरल आर्ट्सचे विद्यालय २०११ साली निघाले, तर हरियाणात सोनीपतला अशोका विद्यापीठ २०१४ साली. ‘लिबरल आर्ट्स’ हे नाव आले ते अमेरिकेतील लहान निवासी कॉलेजांवरून. तेथे मुलगा एक विषय मुख्य म्हणून घेतो, पण इतिहासवाल्यास थोडे गणित, गणितवाल्यास थोडे काव्य आणि दोघांनाही थोडे तत्त्वज्ञान चुकत नाही. वर्ग लहान, राहणे आवारातच, आणि शिक्षक नावानिशी ओळखणारे. आपल्या सरकारनेही २०२० च्या शैक्षणिक धोरणात ही कल्पना उचलून धरली आणि ती परकी वाटू नये म्हणून बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील चौसष्ट कलांचा दाखला दिला. मध्य प्रदेशात हे धोरण २०२१-२२ च्या सत्रापासून लागू झाले. तेव्हापासून सौंसरच्या सरकारी महाविद्यालयातील मुलालाही मुख्य विषय, गौण विषय, ऐच्छिक विषय आणि एखादा व्यावसायिक विषय अशी निवड करावी लागते. म्हणजे कागदावर तरी लवळे आणि सौंसर ह्यांत फार अंतर उरलेले नाही. कागदाबाहेर किती आहे, ते आम्ही पुढे सांगतो.

खाजगी कॉलेज म्हटले की आज प्रथम फीचा आकडा डोळ्यांपुढे येतो. एके काळी ह्याच शब्दाने मास्तरांची रिकामी थैली डोळ्यांपुढे येत असे. चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे शिकविण्याचे वचन देत आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांवर संसार चालवीत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. तसा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. तेही परत येऊन ह्याच पंगतीत बसले. आपण जिला आज ‘प्रायव्हेट संस्था’ म्हणतो तिचे मूळ हे असे आहे.

पण पुणे आपल्याला नेहमीच दूर. सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलाचे कॉलेज म्हणजे नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली तोवर नागपूर ही आपलीच राजधानी होती. त्या दिवसापासून राजधानी भोपाळ झाली, सावनेरच्या पुढे राज्याची हद्द आली. बोली, सोयरीक, संत्र्याचा बाजार आणि दवाखाना मात्र हद्दीपलीकडेच राहिला. त्या नागपुरात दोन जुनी कॉलेजे, १८८३ चे हिस्लॉप आणि १८८५ चे मॉरिस. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ झाले ते १९२३ साली. त्याआधी ह्या कॉलेजांच्या परीक्षा प्रथम कलकत्ता आणि १९०४ नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या असत.

हिस्लॉप कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढले आणि ज्यांचे नाव त्यास दिले ते स्टीफन हिस्लॉप कॉलेज निघण्यापूर्वी वीस वर्षे वारले होते. हा गृहस्थ धर्मोपदेशक. पण नागपूरच्या आसपासचे खडक फोडून त्यांतील कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे गोळा करी, गोंडांची गाणी आणि शब्द टिपून घेई, शाळा चालवी. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची पुरातन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ नाल्याला आलेल्या पुरात त्यांचा अंत झाला. गोंडांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली छापून काढली. धर्म, दगड आणि लोकगीते ह्यांत एकाच माणसाने सारखाच जीव गुंतवावा, हे त्या काळी कुणाला विचित्र वाटले नाही. ‘लिबरल’ शिक्षणाची ह्याहून सोपी व्याख्या आम्हांला सुचत नाही.

ह्याच हिस्लॉप कॉलेजात सागरचा एक गरीब घरचा मुलगा शिकून गेला. पुढे तो केंब्रिजला गेला, वकिलीत अमाप पैसा मिळविला आणि १९४६ साली स्वतःच्या कमाईतून आपल्या गावी विद्यापीठ उभे केले. ते डॉ. हरिसिंग गौर. आमच्या घरात ह्या विद्यापीठाची एक पदवी आहे. ती आमची नव्हे.

आम्ही नागपुरास गेलो १९७१ च्या जूनमध्ये. रामाकोन्याहून छोट्या रेल्वेने, एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला तिळाच्या चटणीचा डबा घेऊन. (ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. आता त्या मार्गावर मोठी गाडी धावते. सोय झाली, पण लोधीखेड्याला खाली उतरून चालत्या गाडीबरोबर चार पावले चालण्याची मौज गेली.) कॉलेज एका खाजगी संस्थेचे होते आणि लहान होते. हिस्लॉपही नव्हे आणि मॉरिसही नव्हे. त्याचे नाव मोठे नसल्याने आम्ही ते येथे सांगत नाही. आमच्या इतिहासाच्या वर्गात सतरा मुले होती. सतरा मुलांच्या वर्गात दुसऱ्याच्या पाठीआड लपता येत नाही, हा लहान कॉलेजचा पहिला जाच आणि पहिला लाभ.

पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी गाव विचारले. आम्ही सौंसर सांगितले. मागून कुणीतरी ‘हा तर एम.पी.वाला’ म्हणाले आणि वर्ग हसला. आमची बोली नागपूरकरांहून वेगळी नव्हती. ‘कुठं जाऊन राहिला बे’ तेही म्हणत आणि आम्हीही. परंतु घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन पायांच्या तिवईवर आम्ही बसलो होतो आणि ती कधी कलंडेल ह्याची सतत धास्ती वाटे.

धास्ती गेली ती खानावळीत. धंतोलीतल्या त्या खानावळीत कॉलेजकॉलेजची मुले एकाच पंगतीस जेवीत. वरण किती पातळ असावे ह्याविषयी तेथील मालकांची स्वतंत्र मते होती. रविवारी सकाळी गोड आणि संध्याकाळी चूल बंद. त्या पंगतीत भूगर्भशास्त्र शिकणारा एक मुलगा आमच्या शेजारी बसे. गाव ऐकताच त्याने हातातला घास खाली ठेवला. ‘सौंसर? अरे, तुझ्या गावाच्या नावाचे खडक आहेत!’ आम्हांला वाटले थट्टा करतो आहे. दुसऱ्या दिवशी तो पुस्तकच घेऊन आला. फर्मर नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या अतिप्राचीन खडकांच्या एका मालिकेस आपल्या सौंसरचे नाव दिले होते. मँगनीजच्या खाणी ह्याच खडकांत आहेत, आणि त्यांतील एका दगडास गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हणतात. ज्या गावाचे नाव सांगताना आम्ही चाचरत होतो ते जगभरच्या पुस्तकांत छापलेले होते आणि आम्हांला हे इतिहासाच्या वर्गात नव्हे, पातळ वरणाच्या साक्षीने कळले. घरी बसून इतिहासाची नेमलेली पुस्तके आम्ही पाठ केली असती, परीक्षेत कदाचित दोन गुण अधिकही मिळाले असते. पण नेमलेल्या पुस्तकाबाहेरचा हा शेजारी मिळाला नसता.

ह्याखेरीज जे जे कॉलेजात असते ते सगळे होते. भित्तिपत्रक होते, त्यात आमच्या दोन कविता लागल्या आणि सुदैवाने त्या कुणाकडेही उरलेल्या नाहीत. जानेवारीत गॅदरिंग होई आणि त्यातल्या फिशपाँडची सर्वांनाच धडकी. आम्हांला मिळालेला फिशपाँड गोटमारीवर होता, आणि त्याच्या मागे एक प्रकरण होते.

पोळ्याचा दुसरा दिवस. नागपुरात त्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, मारबतींची मिरवणूक निघते. आपल्या पांढुर्ण्यात त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्णावाले, दुसऱ्या काठावरून सावरगाववाले एकमेकांवर दगड चालवितात. झेंडा हस्तगत झाला की तो चंडीमातेच्या देवळात नेतात. डोकी फुटतात, हातपाय मोडतात, काही वर्षी माणसेही दगावली आहेत. १९७२ च्या पोळ्यानंतर वर्गात कुणीतरी विचारले, ‘तुम्ही लोक खरेच एकमेकांना दगड मारता?’ आम्ही चिडून काहीतरी बोललो. प्राध्यापकांनी दोघांनाही थांबविले आणि आम्हांला म्हणाले, ‘समर्थन करू नका, लाजही बाळगू नका. काय घडते, लोक काय सांगतात, ते लिहून आणा.’

आम्ही घरी पत्र टाकले. उत्तर वडिलांचे नव्हे, धाकट्या बहिणीचे आले. ती त्याच वर्षी अकरावी झाली होती आणि घरीच होती. पांढुर्ण्याला आमची मावशी असे. ही तिच्याकडे चार दिवस जाऊन राहिली, दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्या बायकांना भेटली आणि सहा पाठपोट पाने भरून तिने आम्हांला लिहिले. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदीच्या मधोमध दोघांना गाठले आणि दगड सुरू झाले, ही कथा आम्हांलाही ठाऊक होती. परंतु ती कोण कशी सांगते, काठ बदलला की दोष कसा बदलतो, मुलाचे सांगतात तेव्हा आवाज कसा लागतो आणि मुलीचे नाव मात्र दोन्ही काठांवर कुणालाच कसे ठाऊक नाही, हे सर्व तिने टिपले होते.

आम्ही त्या सहा पानांचा निबंध केला, वर्गात वाचला आणि शाबासकी घेतली. तास संपल्यावर प्राध्यापकांनी आम्हांला थांबवून घेतले.

‘हे तुम्ही गोळा केलेले नाही.’

‘नाही सर. धाकट्या बहिणीने.’

‘कोणत्या कॉलेजात आहे ती?’

‘घरी असते. प्रायव्हेटला बसणार आहे.’

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे तिने स्वतः येथे उभे राहून वाचावयास हवे होते.’

वडिलांची बाग अडीच एकरांची होती. दोघांना नागपुरास ठेवण्याइतका पैसा नव्हता, आणि एकालाच पाठवावयाचे तर कोणाला, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारतही नसे. आम्हीही विचारला नाही. बहिणीने आमचीच पुस्तके एक एक वर्षाच्या अंतराने वापरली. सौंसरच्या बसने ती पुस्तके जात आणि परत येताना तिच्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणा घेऊन येत. खुणा बहुतेक प्रश्नचिन्हांच्या असत. उत्तर देण्यास तेथे कुणी नव्हते आणि आम्ही आळशी होतो. परीक्षेला ती छिंदवाड्यास गेली. तिला आमच्याहून अधिक गुण मिळाले. सागर विद्यापीठाची ती पदवी अजून तिच्या कपाटात आहे. सागर गाव मात्र तिने आजतागायत पाहिलेले नाही. डिग्री तीच. माउली, आपल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतकी वर्षे का टाळले हे आता ध्यानात आले असेल.

‘पण आमच्या गावाकडच्या कॉलेजात काय ठेवले आहे?’ असेही काही पालक विचारतात. लहान गावी बुद्धी गंजते असा समज आहे. त्यांच्यासाठी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे आणि तेही मराठी घरातील. नागपूरहून हावड्याच्या वाटेवर गोंदियाच्या पुढे राजनांदगाव लागते. आज ते छत्तीसगडात आहे. २००० सालापर्यंत ते आपल्याच राज्यातले एक लहान गाव होते. तेथील राजे दिग्विजयदास ह्यांनी आपला वाडा कॉलेजसाठी दिला आणि गावकऱ्यांच्या पुढाकाराने १९५७ साली दिग्विजय महाविद्यालय सुरू झाले. पुढल्याच वर्षी हिंदीचे प्राध्यापक म्हणून गजानन माधव मुक्तिबोध तेथे रुजू झाले.

मुक्तिबोधांचा जन्म १९१७ चा, ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरचा. वडील पोलीस खात्यात, घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नावाजलेले कवी झाले, त्यांना १९७९ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. गजाननरावांनी मात्र हिंदीत लिहिले. इंदूरच्या होळकर कॉलेजातून ते १९३८ साली बी.ए. झाले, आणि एम.ए. झाले ते थेट १९५३ साली, नागपुरात नोकऱ्या सांभाळून. मास्तरकी, माहिती खाते, आकाशवाणी, साप्ताहिकाचे संपादन असे अनेक उंबरे झिजवून चाळिशीत त्यांना राजनांदगावात थोडे स्थैर्य लाभले. वाड्याच्या आवारात तळ्याकाठी ते राहात. ‘अंधेरे में’ ही त्यांची दीर्घ कविता पुरी झाली ती ह्याच गावी. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी भारताच्या इतिहास-संस्कृतीवर एक पुस्तक लिहिले. त्यावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली आणि त्या घावातून ते सावरले नाहीत. १९६४ च्या सप्टेंबरात ते गेले तेव्हा वय सत्तेचाळीसही नव्हते आणि त्यांचा पहिला कवितासंग्रह अजून बाहेर पडावयाचा होता.

ज्या वर्षी आधुनिक हिंदीचा एवढा मोठा कवी तेथे शिकवीत होता, त्या वर्षी राजनांदगावच्या एखाद्या दुकानदाराने आपल्या मुलीस ‘गावच्या कॉलेजात काय ठेवले आहे, प्रायव्हेट फॉर्म भर’ असे सांगितलेच नसेल कशावरून? दिल्ली-मुंबईस ते नाव पोहोचण्याआधी त्या गावातील मुलांसमोर ते रोज हजेरी घेत होते. ते महाविद्यालय आज सरकारी आहे, स्वायत्त आहे, आणि त्याच्या परिसरात मुक्तिबोधांचे स्मारक आहे.

आता कागदाबाहेरचे अंतर सांगतो. प्रत्येक गावी मुक्तिबोध नसतात हे आम्हांस ठाऊक आहे. लहान गावच्या कॉलेजांत आज कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तासिकांवर नेमलेल्या शिक्षकांवर वर्ग चालतात. आपल्या राज्यात त्यांना ‘अतिथी विद्वान’ म्हणतात. अतिथीला देव मानणाऱ्या देशात विद्वानाला अतिथी करून ठेवावे, ह्यातील विनोद ज्याने हे नाव योजले त्याच्या लक्षात आला नसावा. मुलेही नाव घालतात आणि फॉर्म भरावयाच्या दिवशी उगवतात. पालकांना तेच हवे असते, कारण मुलगा दुकानावर बसतो आणि मुलगी घरकामास लागते. म्हणजे कॉलेजात नाव असूनही पदवी प्रायव्हेटच. वर्ग रिकामा म्हणून शिक्षक येत नाहीत की शिक्षक नाहीत म्हणून वर्ग रिकामा, हा वाद घालण्यापेक्षा चार मुलींनी रोज जाऊन पुढल्या बाकावर बसावे. समोर कुणी बसलेले असेल तर शिकविणाऱ्यास उभे राहावेच लागते, हा आमचा अनुभव आहे.

तेव्हा पत्रलेखिका भगिनीस आमचे सांगणे असे. पुण्याच्या त्या संस्थेसाठी बाग गहाण टाकू नये. पण प्रायव्हेटचा फॉर्म तर मुळीच भरू नये. सौंसर आणि पांढुर्णा, दोन्ही ठिकाणी सरकारी महाविद्यालये आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. विद्यापीठासाठीही आता सागरकडे पाहावे लागत नाही, छिंदवाड्यास ते २०१९ साली झाले आणि आज राजा शंकर शाहांच्या नावाने चालते. खेड्यात राहून प्रथम श्रेणीत बारावी झालेल्या मुलीस, ती राज्यातील कॉलेजात गेल्यास, ‘गाँव की बेटी’ योजनेत दरमहा पाचशे रुपये वर्षातील दहा महिने मिळतात. योजना २००५ पासूनची आहे. रक्कम मोठी नव्हे, पण बसचे भाडे निघते आणि बहाराची वाट पाहावी लागत नाही. महाविद्यालयात ह्याची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी. घरचे मानत असतील आणि नागपुरास विश्वासाचे नातलग असतील तर तेथले एखादे लहान खाजगी कॉलेजही पाहावे. पाहावयास जाल तेव्हा इमारतीपुढे वेळ घालवू नका. दुपारी दोनच्या सुमारास ग्रंथालयात कोण बसले आहे, आणि शिपायाखेरीज आणखी कुणी मुलांना नावाने हाक मारते की नाही, एवढे पाहा. यजमानांनाही बरोबर न्या. पुष्कळ बाप कॉलेजच्या नावाला नव्हे, न पाहिलेल्या जागेला भितात.

हे लिहून झाल्यावर गेल्या रविवारी आम्ही पांढुर्ण्यास बहिणीकडे गेलो. तिला सत्तर पुरी झाली. ओसरीवर बसून तिने पत्र दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि आमचा मजकूरही वाचला. गोटमारीच्या परिच्छेदापाशी ती थांबली आणि ‘सहा नव्हे, आठ पाने होती’ म्हणाली. आम्ही दुरुस्ती करू म्हटले. तर म्हणाली, ‘राहू दे. तू दोन वाचलीच नसशील.’

निघताना तिने एका कागदावर आपला पत्ता लिहून दिला. ‘मुलीला म्हणावे, कॉलेजात पहिला महिना झाला की मला पत्र घाल. मास्तर काय शिकवतात ते नको, ते पुस्तकात असते. वर्गात कोणी काय विचारले आणि कोण कोणाशी भांडले, ते सगळे लिही.’ पत्ता आम्ही माउलीकडे पाठविला आहे.